नॉरफोकच्या एका शेतमजुराचा माग

सासूबाईंच्या पणजोबांचं काम मागच्या महिन्यात एकदाचं हातावेगळं झालं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत हात घातला होता. पणजोबा कुणी मोठे गृहस्थ नव्हते. 1850 च्या डिसेंबरात जन्मलेले, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यातले शेतमजूर. नावावर जमीन नाही, मृत्युपत्र नाही, कबरीवर दगडसुद्धा नाही. अशा माणसाचा माग दीडपावणेदोनशे वर्षांनी लागतो का, तर लागतो, आणि बऱ्याच लांबपर्यंत लागतो. इथं इंग्लंडात लग्न करून स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या निघतो, कारण नातवंडांच्या वंशवृक्षाची एक फांदी सातारा-कोल्हापूरकडे जाते आणि दुसरी अशाच एखाद्या खेड्यात. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. कुटुंबाचं आडनाव आणि गावाचं नाव मात्र गाळलं आहे. गाव ईस्ट डेरहॅमच्या पंचक्रोशीतलं, एवढं पुरे.

आपल्याकडे हेळवी दारात येऊन पिढ्या वाचून दाखवतो, नाहीतर त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत पणजोबांच्या हातची सही सापडते. इथल्या मजुराच्या घराण्याचं असं कुणी काही सांभाळलेलं नसतं. म्हणून सुरुवात जिवंत माणसांपासून करायची. सासूबाई 1940 च्या. त्यांना आजोबांचं नाव, साधारण जन्मसाल आणि "त्यांचे वडील घोड्यांवर कामाला होते" एवढंच ठाऊक होतं. बाकी घरात कुणी कधी बोललंच नाही म्हणाल्या. मी त्यांच्या चुलतबहिणीलाही फोन करायला लावला. तिच्याकडे एक फोटो निघाला, मागे पेन्सिलीने गावाचं नाव. त्या नावाने पुढचं सगळं सोपं केलं. तेव्हा पैसे भरून कुठल्याही साइटचे सभासद होण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि तेही लवकर.

दुसरा नियम म्हणजे जवळून लांब जायचं, कधीही लांबून जवळ नाही. इंग्लंडची खानेसुमारी दर दहा वर्षांनी होते आणि शंभर वर्षांनी लोकांसाठी खुली होते. 1921 ची 2022 मध्ये उघडली. 1931 ची 1942 च्या आगीत जळून गेली, 1941 ची युद्धामुळे झालीच नाही, त्या पोकळीत सप्टेंबर 1939 चं राष्ट्रीय रजिस्टर कामी येतं. हे सगळं अ‍ॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइट्सवर आहे. वर्गणी बरीच असते, पण कितीतरी सार्वजनिक वाचनालयांत दोन्ही फुकट बघता येतात. मी शनिवारी सकाळी आमच्या वाचनालयात बसायची. घरून बघायचं तर फॅमिलीसर्चवर खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि 1881 ची खानेसुमारी तिथं फुकट आहे.

1921 मध्ये पणजोबा सत्तरीचे, लेकीच्या घरी. त्यावरून 1911 ला गेले. 1911 चा कागद सगळ्यांत मोलाचा, कारण तो सरकारी माणसाने उतरवून घेतलेला नाही, घरच्यांनी स्वतः भरलेला मूळ फॉर्मच जपला आहे. त्यात त्या वर्षी एक नवीन प्रश्न होता: लग्नाला किती वर्षं झाली, जिवंत जन्मलेली मुलं किती, त्यांतली हयात किती, गेलेली किती. पणजोबांच्या फॉर्मवर 36 वर्षं, 9 मुलं, 6 हयात, 3 गेलेली. अक्षर त्यांचं नव्हे, शाळेत गेलेल्या कुणा मुलीचं असावं, गोलसर आणि जपून काढलेलं. घरात त्या रात्री जी माणसं होती तेवढ्यांचीच नावं लिहायची असा नियम होता. पण या फॉर्मवर सगळ्यांत खाली आणखी तीन नावं होती, वयांसकट, आणि खानेसुमारी कचेरीतल्या कारकुनाने ती लाल शाईने आडवी छाटलेली होती. गेलेल्या तिन्ही मुलांची नावं आईबापांनी सांगितली होती आणि मुलीने लिहिली होती. शेवटच्या मुलाला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती तेव्हा. मी तो कागद बराच वेळ मोठा करून बघत बसले.

ती तीन नावं हाती होती म्हणून मृत्यूचे दाखले शोधता आले. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद होते. मध्यवर्ती कचेरी म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिस, साउथपोर्टला. त्यांच्या साइटवर जन्म-मृत्यूची सूची फुकट चाळता येते, फक्त खातं उघडावं लागतं. तिथं दोन गोष्टी अशा आहेत ज्या जुन्या छापील सूचीत नव्हत्या: सुरुवातीच्या वर्षांपासून आईचं माहेरचं आडनाव (जुन्या सूचीत ते 1911 नंतरच येतं) आणि मृत्यूच्या वेळचं वय (जुन्या सूचीत ते 1866 पासूनच येतं). आणखी एक लक्षात ठेवा. सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं, सोबत नोंदींच्या खंडाचा क्रमांक. आमच्या गावचा जिल्हा मिटफर्ड, खंड 4b. 1852 च्या आधी त्याच नॉरफोकचा खंड रोमन आकड्यांत XIII. हे माहीत नसेल तर माणूस डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींची डिजिटल प्रत मी मागवली तेव्हा 3 पौंडांना मिळत होती आणि लगेच स्क्रीनवर येत होती. छापील दाखला 12.50 पौंड, तो टपालाने आठवड्याभरात. माहिती दोन्हींत तीच. घराण्याचा इतिहास लिहिण्यापुरती डिजिटल प्रत घ्या. तिन्ही मुलांचे दाखले आले: एकाला डांग्या खोकला, एकीला गोवर, एकाला जुलाब. खबर देणारी तिन्ही वेळा आई, "मृत्यूसमयी हजर", आणि सहीच्या जागी फुली.

मागे मागे जाताना 1901 मध्ये पणजोबांचा धंदा "टीममन ऑन फार्म" असा सापडला. नॉरफोककडे नांगराच्या घोड्यांची जोडी सांभाळणाऱ्याला असं म्हणत. सासूबाईंनी लहानपणी ऐकलेलं बरोबर होतं तर. 1881 आणि 1871 मध्ये नुसतं "Ag Lab", शेतमजूर. वयं दर दहा वर्षांनी दहाने वाढतातच असं नाही, कधी आठ, कधी बारा. आडनावाचं स्पेलिंग तर प्रत्येक वेळी वेगळं, कारण सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं आणि लिहिणारा कानाला लागेल तसं लिहीत होता. शोधताना आडनाव पूर्ण टाकू नका. पहिली तीन अक्षरं आणि पुढे तारांकन, बरोबर जन्मगाव आणि जन्मसालाच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन वर्षं, असं शोधलं की माणूस जाळ्यात येतो.

लग्नाचा दाखला कागदीच घ्यावा लागतो, डिजिटल मिळत नाही. सूचीतला क्रमांक फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांनी तयार केलेल्या साइटवर फुकट सापडला, 1875. दाखला मार्चच्या शेवटी आला. इंग्रजी लग्नाच्या दाखल्यात वराच्या आणि वधूच्या वडिलांचं नाव आणि धंदा असे रकाने असतात. एक पिढी मागे उडी मारायची ती याच रकान्यावरून. वधूकडे नाव होतं. वराच्या रकान्यात एक आडवी रेघ.

ती रेघ म्हणजे काय ते मला लगेच कळलं, तरी खात्री करायची होती. जन्माच्या सूचीत मिटफर्ड जिल्ह्यात त्या नावाचं मूल होतं, पण 1850 मध्ये नाही, 1851 च्या पहिल्या तिमाहीत. कारण सूची नोंदीच्या तारखेने लावलेली असते, जन्माच्या नव्हे, आणि नोंदीला 42 दिवसांची मुदत होती. डिसेंबरचं मूल जानेवारीत नोंदवलेलं. आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ. त्या सूचीत अशी रेघ दिसली की बहुतेक वेळा आईचं लग्न झालेलं नसतं, मूल तिच्याच आडनावाने नोंदलेलं असतं. तीन पौंड भरले. जन्मस्थळ: युनियन वर्कहाउस, ग्रेसनहॉल.

वर्कहाउस म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं. 1834 च्या कायद्याने गरिबांना घरी बसून मदत देणं शक्यतो बंद करायचं ठरलं. गावांचे गट करून प्रत्येक गटाचं, म्हणजे युनियनचं, एक मोठं घर. ज्याला अगदीच चालत नाही त्याने तिथं यावं. नवरा एकीकडे, बायको एकीकडे, मुलं तिसरीकडे, अंगावर तिथले कपडे, बदल्यात काम. मुद्दामच असं ठेवलेलं, की अगदी गळ्याशी आल्याशिवाय कुणी पायरी चढू नये. त्याची लाज इतकी खोल रुजली की 1904 पासून जन्मदाखल्यावर वर्कहाउस न लिहिता साधा पत्ता लिहा असं रजिस्ट्रार जनरलने कळवलं. विसाव्या शतकातल्या दाखल्यावर भलताच रस्ता आणि घरक्रमांक दिसला तर जुन्या नकाशावर तिथं काय होतं ते जरूर बघा.

सासूबाईंना कसं सांगायचं हा प्रश्न होता. मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला सरळ सांग. रविवारी जेवणानंतर दाखला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांना हे माहीत होतं. त्यांना नक्की माहीत होतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिचं पुढे काय झालं ते शोध." तिचं म्हणजे त्या आईचं. तोवर मी पणजोबांच्या मागे होते, तिथून त्यांच्या आईच्या मागे लागले. ही बाई 1850 मध्ये बावीस वर्षांची होती.

30 मार्च 1851 च्या खानेसुमारीत ती आणि तीन महिन्यांचं बाळ दोघंही ग्रेसनहॉलच्या यादीत सापडली. "पॉपर (म्हणजे सरकारी मदतीवर जगणारी), पूर्वी घरकामाची मोलकरीण." वर्कहाउस, तुरुंग, इस्पितळ यांच्या याद्या गावाच्या पानांत नसतात, शेवटी वेगळ्या असतात. 1861 मध्ये मुलगा दहा वर्षांचा, आजीआजोबांच्या घरी, नात्यापुढे "नातू", धंद्यापुढे पाखरं हाकलणारा. शाळा सक्तीची व्हायला अजून एकोणीस वर्षं होती. आई त्याच साली डेरहॅममध्ये एका दुकानदाराकडे मोलकरीण. म्हणजे पोर माहेरी ठेवून ती पुन्हा कामाला लागली होती.

घरबसल्या इथपर्यंतच येतं, आणि बहुतेक लोक इथंच थांबतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की थांबू नका. दाखले आणि खानेसुमारी यांत गरीब माणसाचं नाव, वय, धंदा एवढंच मिळतं. तो कसा जगला हे तिथं सापडतं जिथं त्याच्यावर कुणाला तरी पैसे खर्च करावे लागले. गावाला, म्हणजे पॅरिशला, एकेका शिलिंगाचा हिशोब द्यावा लागे, म्हणून गरिबांची दप्तरं भरपूर आहेत. ती बघायला मात्र परगण्याच्या रेकॉर्ड ऑफिसात जावं लागतं.

नॉरफोकचं रेकॉर्ड ऑफिस नॉरिचला, काउंटी हॉलच्या आवारात. आम्ही पीटरबरोला राहतो, तिथून थेट गाडी आहे, दीड तासाची, आणि स्टेशनवरून चालत जाता येतं. हे दप्तर पूर्वी शहरातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या तळघरात होतं. 1 ऑगस्ट 1994 ला त्या ग्रंथालयाला आग लागली, वरची पुस्तकं गेली, खालचे कागद भिजले पण वाचले. मी हातात घेतलेलं प्रत्येक पान त्या आगीतून निघालेलं आहे हे आठवून मला फार बरं वाटायचं. जाण्याआधी आर्काइव्ह्ज कार्ड काढा. ते फुकट आहे, बऱ्याच परगण्यांच्या कचेऱ्यांत चालतं. नोंदणी ऑनलाइन करायची आणि पहिल्या भेटीला फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवायचा. जागा आणि कागद आधी आरक्षित करा, ऐनवेळी मागितलेला कागद त्या दिवशी मिळेलच असं नाही. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. बॅग आणि कोट लॉकरमध्ये. स्वेटर घालून जा, कागदांसाठी खोली गार ठेवतात. मोबाईलने फोटो काढायचे तर कुठं शुल्क असतं, कुठं फॉर्म भरावा लागतो, आधी विचारा.

एका कचेरीत (ही नॉरिचची नव्हे) मला फोनवर सांगितलं होतं की मजुरांची काही कागदपत्रं नसतात, वेळ घालवू नका. असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका आणि कॅटलॉग स्वतः शोधा. माणसाच्या नावाने नाही, गावाच्या नावाने. गावापुढे "ओव्हरसीअर्स" (गरिबांच्या मदतीचा कारभार बघणारे), "सेटलमेंट" (पॅरिशचा हक्क), "रिमूव्हल" (हक्काच्या पॅरिशला परत पाठवणं) असे शब्द दिसले की ते मागवा.

असं शोधता शोधता मे महिन्यात गावच्या कागदांच्या एका पुडक्यात 1829 चा एक छापील हुकूम हाती आला, मोकळ्या जागा शाईने भरलेल्या. 1662 च्या कायद्यापासून इथं असा रिवाज होता की गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशची. दुसऱ्या गावात कामासाठी गेलेला माणूस मदत मागायला लागला की दोन मॅजिस्ट्रेट त्याचा जबाब घेत आणि त्याला बायकापोरांसकट मूळ पॅरिशला पाठवून देत. हा हुकूम स्वॉफमहून आमच्या गावी पाठवण्याचा होता. मजुराचं नाव, बायकोचं नाव, आणि तीन मुलं: वय वर्षं पाच, वय वर्षं तीन, आणि एक मुलगी, "सुमारे नऊ महिने". ही नऊ महिन्यांची मुलगी म्हणजेच पुढे 1850 मध्ये ग्रेसनहॉलला बाळंत झालेली ती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव सरकारी कागदावर आलं ते गावातून घालवून देताना.

हुकुमावर पाठवणाऱ्या पॅरिशचं नाव असतं, म्हणून पुढच्या खेपेला त्या पॅरिशचे कागद मागवले आणि त्यात तिच्या वडिलांचा जबाब मिळाला. जेमतेम अर्धं पान. जन्म कुठं झाला, बापाकडून ऐकल्याप्रमाणे. मग लग्नाआधी मायकेलमसच्या सणाला (सप्टेंबरअखेर) आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याकडे सालगडी म्हणून राहिलो, वर्षाचे चार पौंड, खाऊनपिऊन, राहायला त्याच्याच घरी. वर्ष पूर्ण भरलं, पगार पूर्ण मिळाला. अविवाहित माणसाने सालगडी म्हणून वर्ष पुरं केलं की त्या पॅरिशचा हक्क लागे, म्हणून मॅजिस्ट्रेटला तेवढंच ऐकायचं होतं. पण दोनशे वर्षांपूर्वीचा एक अक्षरशत्रू मजूर स्वतःबद्दल बोलतो आहे असा कागद घराण्यात दुसरा नाही. खाली फुली. ती फुली सरळ नाही, एक रेघ दुसरीपेक्षा लांब, आणि शेवटी शाईचा ठिपका जिथं टाक उचलताना थांबला होता.

बाळाचा बाप कोण हे नाही कळलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत (1813 पासून छापील नमुन्याच्या वह्या आहेत, म्हणून वाचायला सोप्या) बापाच्या धंद्याच्या जागी "सिंगल वुमन" असं आहे. आई पोटगीसाठी पेटी सेशन्स कोर्टात गेली असेल तर तिथं नाव मिळतं, पण ती गेल्याचं कुठं दिसलं नाही. वर्कहाउसच्या दाखल-रजिस्टरांच्या भरवशावर फार राहू नका, पुष्कळ युनियनांची सगळी वर्षं उरलेली नाहीत. गावाचा टाइद नकाशा (चर्चच्या दशमांश करासाठी केलेला) मात्र जरूर बघा. 1836 च्या कायद्यानंतर गावोगावी हे नकाशे झाले, त्यात शेत न् शेत, घर न् घर क्रमांकाने आहे. नॉरफोकचे काउंटी कौन्सिलच्या साइटवर फुकट आहेत. आजीआजोबांची वस्ती आम्हाला त्यावरून कळली.

सप्टेंबरात सासूबाईंना घेऊन ग्रेसनहॉलला गेलो. ती इमारत 1777 पासून उभी आहे, आधी गरिबांचं "हाउस ऑफ इंडस्ट्री", मग युनियनचं वर्कहाउस, आणि आता संग्रहालय. लांबच लांब लाल विटांची. लग्नाशिवाय आई झालेल्या बायकांना तिथं सगळ्यांना ओळखू येईल असं वेगळं जाकीट घालावं लागे. "जॅकेट विमेन" म्हणत त्यांना. असा कलंकाचा पोशाख नको म्हणून वर्कहाउसांवर देखरेख करणाऱ्या पुअर लॉ कमिशनने 1839 मध्ये सांगून टाकलं होतं, तरी ग्रेसनहॉलला तो पुढेही चालू राहिला. म्हणजे ही बावीस वर्षांची मुलगीही बाळ कडेवर घेऊन त्याच जाकिटात त्या अंगणातून फिरली असणार. मला भयंकर राग आला. सासूबाई अंगणातल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तिने त्याला सोडलं नाही, बघ." खरं होतं ते. 1871 मध्ये दोघं पुन्हा एकाच घरात आहेत. 1881 मध्ये ती मुलाकडेच, सुनेला मदत करत, नातवंडांत.

दाखल्यांवर सगळे मिळून चाळीस पौंडांच्या आत खर्च झाला. त्याहून जास्त रेल्वेभाड्याला गेले. सासूबाईंच्या फायलीत आता नऊच्या नऊ मुलांची नावं आहेत, बाप्तिस्म्याच्या तारखांसकट. बापाचा रकाना अजून मोकळा आहे. त्यासाठी डीएनए चाचणी करायची का, हे मी त्यांच्यावर सोपवलं होतं, कारण पिढी जितकी जुनी तितकं जुळणं पक्कं, तेव्हा चाचणी माझ्या नवऱ्यापेक्षा त्यांचीच झालेली बरी. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि गेल्या सोमवारी हो म्हणाल्या. निकालाला काही आठवडे लागतात. दरम्यान गावच्या शाळेचं लॉगबुक मागवलं आहे. हंगामात कुठली पोरं शेतावर गेली म्हणून गैरहजर होती, हे मास्तर त्यात लिहीत. 1911 चा तो फॉर्म भरणाऱ्या मुलीचं नाव मला त्यात शोधायचं आहे.